जुन्या मोटारीचे आयुष्य रबराच्या पट्टीवर

नाशिक : जुनी मोटार नव्याने उभी करायची म्हटले की मालकाचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते आणि मग रंगाकडे. दरवाजे व काचांभोवतीचे रबर, ज्याला गॅरेजमध्ये ‘बीडिंग’ म्हणतात, ते खर्चाच्या यादीत अगदी शेवटी येते. पैसे कमी पडले तर जुनेच रबर पुन्हा चिकटवले जाते. वास्तविक नव्या रंगाखालचा पत्रा किती वर्षे टिकणार, हे बव्हंशी याच पट्ट्या ठरवत असतात.

प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० या मोटारीला १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००१ मध्ये संपले आणि ॲम्बेसेडरचे २०१४ मध्ये. या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे आणि छताचे खांब मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. काचेच्या किंवा दाराच्या फटीतून शिरलेले पाणी पायाखालच्या मॅटखाली साचते आणि तेथेच मुरते. वरून रंग चकचकीत असतो; आत मात्र गाडीचा भार पेलणारा पत्रा गंजत असतो. तो पूर्ण कुजला की कापून नवा जोडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तयार सुटे भाग सहज मिळण्याचे दिवस आता सरले आहेत.

उभ्या गाडीचेही रबर मरते

‘गाडी वापरात नाही, मग रबर खराब कसे होईल?’ असा प्रश्न अनेक मालक विचारतात. जुन्या गाड्यांमधील बरेचसे रबर नैसर्गिक रबरापासून बनलेले असे. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये दुहेरी बंध असतात. हवेतील ओझोन नेमका त्या बंधांवर हल्ला करतो आणि रबर जेथे ताणलेले असते तेथे आडव्या भेगा पडतात. म्हणूनच काचेच्या चारही कोपऱ्यांवर रबर प्रथम फाटते. ऊन त्यात भर घालते. नाशिकमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीला पोहोचतो, तर थंडीत रात्रीचे तापमान अनेकदा एक आकडी होते. या आकुंचन-प्रसरणाने रबर कडक होऊन पत्र्यापासून सुटते. शहरात पाऊस मध्यम असला, तरी मुंबईच्या वाटेवर इगतपुरी आणि कसारा घाटात तो धो-धो कोसळतो. शहरात न गळणारी गाडी घाटात गळते, ती यामुळे.

कोणते रबर घ्यावे?

आज मोटारींच्या दारांसाठी सर्रास ‘ईपीडीएम’ हे कृत्रिम रबर वापरतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ते ओझोन व उन्हाला चांगले तोंड देते. तेल आणि ग्रीस मात्र त्याला सोसत नाही, ते फुगते. खरेदी करताना केवळ लांबी मोजून भागत नाही. जुन्या पट्टीचा तुकडा आडवा कापून त्याचा छेद नव्या पट्टीशी ताडून पाहावा. दारासाठी दाबले जाणारे स्पंजासारखे रबर लागते, तर पुढच्या-मागच्या काचेसाठी भरीव आणि दोन खाचांचे. पद्मिनीच्या पुढच्या दारातील त्रिकोणी खिडकीचे रबर वेगळे, आणि वर-खाली होणाऱ्या काचेच्या चॅनलमधील फेल्ट वेगळे. नवे रबर प्रत्यक्ष बसेपर्यंत जुने फेकू नये, कारण तोच एकमेव नमुना असतो.

रंगापूर्वी एकदा, रंगानंतर एकदा

नवे रबर जुन्यापेक्षा जाड आणि ताठ असते. ते लावल्यावर दार नीट बंद होत नाही, म्हणून बिजागऱ्या आणि कुलपाचा खटका सरकवावा लागतो. ही ओढाताण रंगानंतर केली तर नव्या रंगावर ओरखडे उठतात. त्यासाठी रंगापूर्वी रबर न चिकटवता एकदा लावून पाहावे, दारांच्या फटी जुळवून घ्याव्यात आणि मग ते काढून रंगकाम करावे. जुन्या सोल्यूशनचे थर पूर्ण खरवडले पाहिजेत. त्यांच्याखाली गंज दडलेला असतो. गंज काढून प्रायमर व रंग दिल्यावर आणि तो पूर्ण वाळल्यावरच रबर कायमचे बसवावे.

दाराची पट्टी ओढून ताणून लावू नये. ताणलेले रबर हळूहळू आखडते, कोपरे उघडे पडतात. पट्टीचा जोड दाराच्या खालच्या बाजूस घ्यावा.

पुढची काच बसवणे हे दोघांचे काम. रबर प्रथम काचेभोवती चढवतात आणि पत्रा ज्या खाचेत बसायचा, तीत दोरी फिरवून तिची दोन्ही टोके आत सोडतात. साबणाचे पाणी लावून एकाने बाहेरून काच हलक्या हाताने दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत न्यायची. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढत जाते. या कामी घाई केली तर काच तडकते.

तपासणी कशी करावी?

दार बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरावी आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली तर तेथे रबर टेकत नाही, असे समजावे. त्यानंतर मॅट काढून पाइपने पाणी मारावे. सुरुवात खालून करून हळूहळू वर जावे, म्हणजे गळतीची नेमकी जागा कळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खिडकीच्या काचेलगतचे रबर सारे पाणी अडवत नाही. थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. रंगाने किंवा लांबीने ही छिद्रे बुजली, तर दार आतूनच कुजते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. अट ही, की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. मूळ पत्रा जितका वाचेल, तितके हे रूप टिकेल. यासाठी दरवर्षी मे महिन्यात रबर साबणाच्या पाण्याने पुसून तपासावे. पावसाळा सरल्यावर मॅट उचलून तळाला हात लावून पाहावा. हाताला ओल लागली, तर रंगाची चमक कितीही असो, कामाला लागावे.