दिलीप वेंगसरकर : निवृत्तीनंतरचं काम

फलंदाज

जन्म १९५६, राजापूर. ११६ कसोटी सामने, ६,८६८ धावा, १७ शतकं. १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठ तीन दौऱ्यांत लॉर्ड्सवर शतक ठोकणारा हा मुंबईचा 'कर्नल'. मला मात्र त्यांचा १९९१चा रणजी अंतिम सामना जास्त जवळचा वाटतो. वानखेडेवर हरयाणाविरुद्ध ते १३९ धावांवर नाबाद राहिले, मुंबई अवघ्या दोन धावांनी हरली आणि कसोटीचं कप्तानपद भूषवलेल्या या माणसाला मैदानातच रडू आवरलं नाही. मुंबईच्या क्रिकेटवरचा त्यांचा जीव त्या दिवशी सगळ्यांनी पाहिला.

ओव्हल मैदान

१९९२ला कसोटी कारकीर्द संपली. १९९५मध्ये त्यांनी ओव्हल मैदानावर अकादमी सुरू केली. चाचणी घेऊन मुलं निवडायची आणि त्यांना फी न घेता शिकवायचं, ही तिथली पद्धत. पुढे चेंबूरजवळ माहुलला आणि पिंपरी-चिंचवडमध्ये थेरगावलाही अकादम्या झाल्या. ऋतुराज गायकवाड थेरगावच्या अकादमीतला.

वयाची अट

२००२मध्ये क्रिकेट मंडळाने गुणवत्ता शोधण्यासाठी एक स्वतंत्र विभाग काढला आणि त्याची सूत्रं वेंगसरकरांकडे दिली. कामाची रीत सोपी होती. माजी खेळाडूंनी गावोगावचे सामने बघायचे आणि ज्याच्यात काही दिसेल त्याचं नाव कळवायचं. एरवी मोठ्या शहराबाहेरचा पोरगा धावा करतो, त्या स्थानिक पेपरात छापून येतात आणि गोष्ट तिथंच थांबते. ती पुढे नेणारं कुणीतरी हवं असतं.

त्यांच्यापैकीच एक, प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला झारखंडचा एक यष्टीरक्षक पाहिला. चेंडू फार लांब मारायचा. अडचण एकच होती. योजना १९ वर्षांखालच्यांसाठी होती आणि महेंद्रसिंग धोनी तेव्हा एकविशी गाठलेला. वेंगसरकरांनी वय बाजूला ठेवून त्याला आत घेतलं. नियमावर बोट ठेवून नाव खोडलं असतं, तरी त्यांना कुणी जाब विचारला नसता.

निवड समिती

२००६ ते २००८ ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. २००७च्या पहिल्या टी-ट्वेन्टी विश्वचषकासाठी धोनीला कप्तान केलं ते याच समितीनं. २००८मध्ये ब्रिस्बेनला उदयोन्मुख खेळाडूंच्या स्पर्धेत त्यांनी विराट कोहलीला सलामीला येऊन न्यूझीलंडविरुद्ध नाबाद शतक करताना स्वतः पाहिलं आणि श्रीलंका दौऱ्यासाठी त्याचं नाव पुढे केलं. कप्तान आणि प्रशिक्षकांचा कल बद्रीनाथकडे होता, हे वेंगसरकरांनीच पुढे जाहीरपणे सांगितलंय. कोहली ऑगस्टमध्ये दाम्बुलाला पहिला सामना खेळला. सप्टेंबरमध्ये अध्यक्षपद श्रीकांत यांच्याकडे गेलं.

मतपेटी

मुंबई क्रिकेट असोसिएशनचे ते उपाध्यक्ष होते. २०११मध्ये अध्यक्षपदाला उभे राहिले आणि विलासराव देशमुखांकडून हरले. त्याआधी २००१मध्ये अजित वाडेकर शरद पवारांकडून, तर पुढे २०२२मध्ये संदीप पाटील अमोल काळेंकडून हरले. इथली मतं मुख्यतः मैदानी क्लबांची. क्लब सांभाळायला पैसा लागतो, परवानग्या लागतात, ओळखी लागतात. त्यामुळे मतदार क्रिकेटची जाण जेवढी बघतो, तेवढीच कामं करून देण्याची ताकदही बघतो. हे समजण्यासारखं आहे, तरी माजी कसोटीपटूंच्या विरोधात गेलेले हे तिन्ही निकाल मला खटकतात.

आणि कोपर

ठाणे, डोंबिवली आणि डोंबिवलीशेजारचं कोपर हा पट्टा याच असोसिएशनच्या हद्दीत येतो. इथली मुलं पहाटेच्या स्लो लोकलच्या मालडब्यात किट उभं करून आझाद मैदानाकडे निघतात; डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणेही लोकलनेच जायचा. क्रिकेट मंडळाला जमशेदपूरला माणूस पाठवता येत होता, तर असोसिएशनला कोपर-डोंबिवलीतल्या शाळा-कॉलेजांचे सामने बघायलाही पाठवता येईल. मुलांनी सीएसएमटी गाठायची आणि मगच कुणी त्यांच्याकडे बघायचं, हे चित्र असोसिएशनने बदलायला हवं.