लहान मुलांचे इसब

आज ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे, त्याने सहसा कोणी दगावत नाही. म्हणूनच त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पण ज्या घरात ते शिरते, त्या घराची रात्रीची झोप जाते. मूल अंथरुणात तळमळते, खराखरा खाजवते आणि आई त्याचे हात धरून बसते. सकाळी तेच मूल शाळेत गेले, की त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नसते. या दुखण्याचे नाव इसब. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. मुलांत नेहमी आढळणाऱ्या प्रकाराला डॉक्टर ‘अटॉपिक’ इसब म्हणतात. त्याचाच आज विचार करू.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका सतरंजीवर बसल्याने किंवा हातात हात घेतल्याने ते पसरत नाही. आणि आई मुलाला स्वच्छ ठेवत नाही म्हणून ते झाले, असेही नव्हे.

मग ते होते कशाने? आपली कातडी ही घराची भिंत आहे असे समजा. विटांमधला चुना घट्ट असला, तर भिंत टिकते. काही मुलांची ही भिंत मुळातच कच्ची असते. अंगातला ओलावा उडून जातो, कातडी कोरडी पडते, आणि साबण, धूळ, घाम, जंतू यांना आत शिरायला वाट मिळते. मग तेथे दाह सुरू होतो. 2006 साली स्कॉटलंडमधील डंडी येथील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कातडी घट्ट ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन ज्यांच्या शरीरात वंशपरंपरेने कमी तयार होते, त्यांना इसब होण्याचा संभव बराच वाढतो. सगळ्याच रोग्यांत हे कारण सापडत नाही. पण बऱ्याच जणांत सापडते.

आपल्याकडे एक समज फार जुना आहे. ‘इसब ही अंगातली उष्णता आहे, ती बाहेर पडू द्यावी. औषधाने दाबली, तर दमा होतो.’ लोकांनी पाहिले ते खोटे नाही. इसब, दमा आणि सर्दी-शिंकांचा त्रास ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. ज्या मुलाला इसब आहे, त्याला पुढे दमा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. पण तो औषधामुळे होत नाही. दोन्हींचे मूळच जवळजवळचे आहे. उपचार थांबवल्याने दमा टळत नाही, मुलाचे हाल मात्र वाढतात.

आता ओळख. तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल, ओलसर चट्टे दिसतात. मोठ्या मुलात कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मनगटावर आणि मानेवर कातडी जाड व खरखरीत होते. दोन्ही वयांत खाज असतेच. शिक्षकांनी आणखी तीन रोगांची खूण ठेवावी. घरातली बरीच माणसे रात्री खाजवतात आणि बोटांच्या बेचक्यांत फोड दिसतात, ती खरूज. वाटोळा, कडेला उठलेला, पसरत जाणारा चट्टा म्हणजे नायटा. हे दोन्ही लागट आहेत आणि दोन्ही औषधाने बरे होतात. चट्टा फिकट आहे, खाजत नाही आणि तेथे स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तोही वेळेवर उपचार केल्यास बरा होतो.

इसबाचा खरा उपचार रोजच्या स्नानापासून सुरू होतो. पाणी कढत नको, कोमट हवे. पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकावी. डाळीचे पीठ, उटणे, दगड यांनी घासू नये. साबण सौम्य व थोडाच लावावा. अंग रगडून न पुसता पंच्याने नुसते टिपावे आणि कातडी ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल सढळ हाताने लावावे. दिवसातून दोनदा तरी लावावे. चट्टे गेले तरी थांबू नये. कच्च्या भिंतीला रोजचे लिंपण लागतेच! मोहरीचे तेल मात्र टाळावे. नखे बारीक कापावीत. अंगाला लागून सुती कपडा असावा आणि लोकरीचा स्वेटर त्याच्यावर घालावा. चुना, लिंबू, ठेचलेला लसूण यांनी कातडी भाजते, म्हणून ते लावू नयेत.

चट्टे भडकले, की डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचे मलम देतात. सांगितले तितके दिवस, सांगितले त्या जागी लावले, तर ते गुणकारी आहे. त्याला भिऊ नये. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मावेल इतके मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. घात होतो तो दुकानातून मनानेच आणलेल्या, तीन-चार औषधांची मिसळ असलेल्या ट्यूबने. तिच्यामुळे कातडी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो वरून दबून आत फैलावतो. भारत सरकारने 2018 साली चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली, ती याच कारणाने.

पिवळी खपली, पू किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. एकाएकी दुखणाऱ्या बारीक फोडांचे घोस उठले, तर त्याच दिवशी जावे.

पथ्याविषयी थोडेसे. वांगे, अंडी, दूध सरसकट बंद करू नका. काही थोड्या मुलांनाच एखादा पदार्थ बाधतो, आणि तो कोणता हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. वाढत्या अंगाला उपास घडवून इसब जात नाही.

पुष्कळ मुलांचा हा त्रास वयाबरोबर कमी होतो. तोवर शिक्षक बंधुभगिनींनो, तुमचा हातभार मोठा आहे. वर्गात पेंगणारे मूल आळशी नसेल. रात्रभर जागलेले असेल. ‘खाजवू नकोस’ म्हणून त्याच्यावर ओरडू नका. त्याला मलम लावायला उठू द्या. उन्हात घामाघूम झाले, तर सावलीत बसवा. आणि एक दिवस सगळ्या वर्गासमोर त्याचा हात हातात घेऊन सांगा, की हे लागत नाही. तुम्ही हात धरलेला मुले पाहतील, तेव्हा त्या मुलाशेजारची रिकामी जागा आपोआप भरेल.