इंजिनाची शिट्टी तुंबली तर?

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी होत नाही असं लक्षात आलं, की तुम्ही काय करता? गॅस बंद करता. कुकर निवला की झाकण उजेडाकडे धरून शिट्टीखालचं भोक पाहता. डाळीचं साल नाहीतर भाताचं शीत अडकलेलं असतं. ते न काढता नुसता नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, तर तोही उडणार, हे तुम्हांला कुणी सांगावं लागत नाही. मग दारातल्या गाडीच्या बाबतीत आपण नेमकं तेच कसं होऊ देतो?

आमच्या मारुती ८०० खाली तेलाचा डाग पडू लागला, तेव्हा गॅरेजवाल्यांनी इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. महिन्याभरात डाग पुन्हा हजर! मग ऑइल सील बदललं. पुन्हा डाग. तिसऱ्या खेपेला "ताई, इंजिनच उतरवावं लागेल," असं ऐकलं आणि आमचेच चेहरे उतरले. 'हे' तर गाडी विकायच्या गोष्टी करू लागले. शेवटी शेजारच्या काकांनी आपल्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टॅपेट कव्हरवरची बोटभर जाडीची रबरी नळी काढून माझ्यासमोर धरली. आत काळा, लोण्यासारखा चिखल गच्च बसला होता. "हिला श्वास सोडायलाच जागा नाही," एवढंच ते म्हणाले.

ही नळी म्हणजे ब्रीदर पाइप. तिचं काम समजायला मुळीच अवघड नाही. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरांचं. प्रत्येक सिलिंडरात पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या डोक्यावर पेट्रोलचा भडका उडतो. पिस्टनभोवती रिंगा असतात. पण त्या कितीही घट्ट असल्या, तरी प्रत्येक भडक्याचा थोडासा वायू कडेनं खाली निसटतोच. नव्या गाडीत कमी, जुन्या गाडीत जास्त. खाली असते क्रँककेस, म्हणजे ज्या बंद पेटीत इंजिनाचा दांडा फिरतो आणि तळाशी ऑइल साठतं ती. वायू येत राहिला आणि पेटी बंद, मग दाब वाढणारच की! त्याला वाट ठेवली नाही, तर तो आपली वाट आपण शोधतो. पॅकिंगच्या फटीतून, सीलच्या कडेनं बाहेर पडतो आणि जाताना ऑइल बरोबर नेतो. पॅकिंग बिचारं निर्दोष असतं, पण बदललं जातं तेच.

फार पूर्वी हा वायू एका नळीनं खाली रस्त्यावर सोडून देत. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये हवा फारच बिघडली, तेव्हा तिथल्या १९६१ च्या नव्या गाड्यांपासून तो परत इंजिनातच ओढून जाळायची सोय आली. आज पेट्रोलच्या लहान गाड्यांत बहुधा दोन नळ्या असतात. एक एअर फिल्टरमधून स्वच्छ हवा आत आणते. दुसरी ती हवा आणि तो वायू इंजिनाच्या ओढीनं पुन्हा सिलिंडरांकडे नेते. या दुसरीच्या वाटेवर पीसीव्ही नावाचा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह असतो. गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असलं, की ओढ जोरदार असते. तेव्हा हा व्हॉल्व्ह वाट आवळून धरतो. घाट चढताना ओढ कमी होते आणि वायू वाढतो. तेव्हा तो वाट मोकळी करतो. अगदी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला, तर थोडा वायू पहिल्या नळीनं उलटा एअर फिल्टरकडे येतो. म्हणून फिल्टरच्या डब्यात किंचित ओशटपणा दिसला, तर घाबरू नका. फिल्टर ऑइलनं भिजला असेल, तर मात्र विचारा.

नळी तुंबते कशानं? पुष्कळदा आपल्याच सवयीनं. मुलांना शाळेत सोडलं, भाजी आणली, गाडी परत जागेवर. दोन-तीन किलोमीटरांत इंजिन पुरतं तापत नाही आणि आतल्या वायूमधली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. थंडीपावसात ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरलेली दिसते, ती हीच. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा आणि ऑइल वेळच्या वेळी बदला. मात्र साय दिसते आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतं आहे, असं असेल तर थांबू नका. कदाचित पाणी आतल्या आत ऑइलमध्ये जात असेल. ते दुखणं वेगळं आणि मोठं.

नळी पाहायची ती इंजिन बंद आणि थंड असताना. पदर खोचून घ्या, बांगड्या सांभाळा. इंजिन गरम असलं तर काही गाड्यांचा पंखा आपोआप सुरू होतो, बरं का! नळी बोटांनी दाबा. पापडासारखी कडक झाली असेल, चिरली असेल किंवा फुगून मऊ पडली असेल, तर ती बदलायची झाली. चिरलेल्या नळीतून बाहेरची हवा आत घुसते. फुस्स असा आवाज येतो आणि उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं. व्हॉल्व्ह सुटा निघत असेल, तर मिस्त्रीला तो कानाशी हलवायला सांगा. खुळखुळला पाहिजे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो कव्हरच्या आतच असतो, तिथे आपण हात घालू नये. आणि जागेवर पाण्याची नळी किंवा गॅसच्या शेगडीची जुनी नळी बसवू देऊ नका. पेट्रोल-ऑइलच्या वाफेनं ती टिकत नाही. गाडीच्या नावानं मिळते तीच मागा.

इंजिन उतरवायची भाषा कुणी केली, तर आधी ही नळी आणि व्हॉल्व्ह साफ करून घ्या. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून दाखवायला सांगा. थोडी फूफू चालते. नळी मोकळी असूनही पंपासारखा वारा आला, तर मात्र रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे, आणि मिस्त्री म्हणतो त्यात तथ्य असू शकतं.

८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण आमची अजून धावते. नळी बदलली, व्हॉल्व्ह धुतला, ऑइल आणि पॅकिंग नवं घातलं, त्या रात्री मी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली. सकाळी कागद कोरडे. तुम्हीही असं करून पाहा. ठिपका पडलाच, तर तो इंजिनाच्या कुठल्या भागाखाली आहे तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि तो कागद घेऊनच गॅरेजमध्ये जा.