धडाम नाही, धूर नाही. ड्रोन मात्र खाली

दोनशे डॉलरचा, ऑनलाइन मागवता येणारा क्वाडकॉप्टर. तो पाडायला डागलं काय, तर सुमारे ३० लाख डॉलरचं पॅट्रियट क्षेपणास्त्र! एका मित्रदेशाचा हा पराक्रम अमेरिकी लष्कराचे जनरल डेव्हिड पर्किन्स यांनी २०१७ साली भर व्याख्यानात सांगितला. ड्रोन पडला खरा, पण दिवाळं कुणाचं निघालं? आणि असे शंभर एकदम आले तर?

म्हणून आता गोळी नाही, रॉकेट नाही, थेट विद्युतचुंबकीय लहरींचा झटका. ब्रिटनने २०२५ पर्यंतच्या चाचण्यांत अशा यंत्राने शंभरावर ड्रोन पाडले. एका झटक्याचा खर्च १० पेन्स! पल्ला मात्र जेमतेम एक किलोमीटर.

या झटक्याची ताकद जगाला पहिल्यांदा जाणवली ती ९ जुलै १९६२ रोजी. ‘स्टारफिश प्राइम’ चाचणीत अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. तिकडे सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या हवाई बेटांवर तीनेकशे पथदिवे विझले आणि चोरघंटा वाजू लागल्या. ड्रोनसाठी अर्थातच अणुबॉम्बची गरज नाही. मायक्रोवेव्ह पुरतात.

हो, स्वयंपाकघरातलेच! १९४५च्या सुमारास रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर रडारसाठी मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते आणि खिशातलं चॉकलेट वितळलं. त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन आला. पुढे त्याच रेथिऑनने ‘फेझर’ हे शस्त्र बनवलं आणि ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला दोन-दोन, तीन-तीन करत ३३ ड्रोन लोळवले. मात्र हे शस्त्र ड्रोनला भाजून काढत नाही. ड्रोनमधल्या तारा शस्त्राच्या लहरी अँटेनासारख्या पकडतात, सर्किटमध्ये नको तितका व्होल्टेज शिरतो, मोटारींचं नियंत्रण भंजाळतं. पंखे थांबले की उरलेलं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं.

दोन-तीनचा जमाना किती मागे पडला, ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसलं. इंडियानात एपिरस कंपनीच्या ‘लिओनायडस’ने ४९ ड्रोनचा अख्खा थवा एकाच झटक्यात जमिनीवर आणला. थव्याशी लढताना या शस्त्राचा खरा फायदा हाच: नेम एकेकावर धरायचा नाही, झोतात जो येईल तो गेला.

युक्रेनच्या आघाडीवर ड्रोनवाल्यांनी रेडिओ सिग्नल बुजवणाऱ्या जॅमरला चकवायची नामी युक्ती काढली आहे. ड्रोनमागे केसासारखी ऑप्टिकल फायबर सोडत जायची, म्हणजे रेडिओ सिग्नलची भानगडच नको. पण सिग्नल लपवला तरी सर्किट कुठे लपवणार?

सगळ्यात गमतीशीर वास्तू मात्र न्यू मेक्सिकोतल्या कर्टलँड हवाई तळावर आहे. विमानं अणुस्फोटाचा असा झटका सोसतात का, हे पाहायला तिथे ‘ट्रेसल’ नावाचा अजस्र मचाण उभारलं. बी-५२ बॉम्बर पेलणारं, आणि चक्क लाकडाचं! नट-बोल्टही लाकडाचे, कारण धातूने मोजमाप बिघडलं असतं. त्याच तळावर पुढे ‘थॉर’ हे थवेमार यंत्र घडलं, २० फुटी कंटेनरमध्ये मावणारं.

आपल्याकडे नागपूरच्या सोलर कंपनीचं ‘भार्गवास्त्र’ थव्यांच्या याच डोकेदुखीवर आहे, पण औषध निराळं: छोट्या रॉकेटांचा मारा. मे २०२५ मध्ये ओडिशातल्या गोपालपूरला त्याची चाचणी झाली.

लहरींच्या शस्त्राला खोडी दोन. अंतर दुप्पट झालं की झोताचा जोर चौथाईवर येतो. आणि त्याला आपलं-परकं कळत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये बोईंगने युटाच्या वाळवंटात असंच मायक्रोवेव्ह सोडणारं ‘चॅम्प’ क्षेपणास्त्र उडवलं. इमारतीतले संगणक ठरल्याप्रमाणे बंद पडले. आणि त्यांच्याबरोबर, हा विजय टिपायला लावलेले कॅमेरेही.