तेरची बाई पाँपेईत, मग आपण का नको?

धाराशिवमध्ये ‘फॉरेन’चा विषय निघाला की आधी ग्रुप टूरचीच चर्चा होते. आठवडाभरात पाच देश आणि रोज रात्री वरण-भात. ज्यांना ते मानवतं त्यांनी खुशाल जावं. पण स्वतःच्या बेताने, झेंडीवाल्याच्या मागे न पळता लांब जायचं असेल, तर या जिल्ह्याकडे एक भक्कम निमित्त आहे. ते इटलीत आहे आणि वीतभर उंच आहे.

१९३८ साली पाँपेईच्या उत्खननात एका घरात हस्तिदंताची भारतीय मूर्ती सापडली. अंगभर दागिने, कपड्यांच्या नावाने आनंद, दोन्ही बाजूंना एकेक दासी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा घरासकट तीही गाडली गेली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव तिला नंतर चिकटलं. ती लक्ष्मी नसून यक्षी आहे, असं मानणारेही बरेच आहेत. आता गंमत बघा. तिची सख्खी बहीण शोभेल अशी हस्तिदंती बाई तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. काही अभ्यासकांच्या मते पाँपेईचीही तेर-भोकरदनच्या बाजूलाच घडली असावी. तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे म्हणून काही जण तिला वायव्येकडे ढकलतात. आपलं मत तेरच्या बाजूने, हे सांगायला नको.

तेव्हा इटलीच्या बेताची पहिली पायरी म्हणजे तेर. तिथल्या बाईला नीट बघून घ्या आणि मगच विमानाच्या तिकिटाकडे वळा.

तेर म्हणजेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत ते पैठणसोबत येतं. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर आणखी दहा. म्हणजे नुसतं बंदर गाठायलाच महिना, तोही गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. गाड्यांत काय, तर साधं सुती कापड आणि तलम मलमल. आज लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रात्री पाठ टेकली की सकाळी मुंबई. उमरग्याच्या माणसाला तर हैदराबादचा विमानतळच जवळ पडतो; मुंबईचा हट्ट कशाला?

परतीच्या मालाचीही नोंद आहे. भडोचला उतरणाऱ्या जिनसांत दारू होती आणि त्यातही पसंती इटालियन दारूला! या सगळ्या व्यापाराने पोट दुखलं ते रोमन लेखक थोरल्या प्लिनीचं. हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली. हा प्लिनी मेला कशात? व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात.

आता आपले सेस्टर्स. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना माफ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. विमा किमान ३०,००० युरोंचा. एकाच व्हिसावर २९ देश उघडतात, पण म्हणून २९ बघायला निघू नका. शेती करणाऱ्यांसाठी एक सूचना: शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांकडे आयकर विवरणपत्र नसतं. मग पैसा कुठून येतो, हे अर्जासोबतच्या पत्रात सविस्तर लिहा आणि बँकेचं स्टेटमेंट त्याच्याशी जुळू द्या. आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून आलेली मोठी रक्कम त्यात लगेच डोळ्यांत भरते. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नावही बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यातच बसलेलं असतं.

बॅग भरताना दोन गोष्टी. कुंथलगिरीचा पेढा घरीच संपवा, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ताजी फळं न्यायची तर वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, मात्र पाच फळांना त्यातून सूट: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. तुळजाभवानीच्या प्रसादाचा नारळ कायद्याने इटलीत जाऊ शकतो, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. चार्जरची गोल दोन पिनांची टोपी तिथल्या भोकांत बहुतेक बसते, आपली तीन पिनांची बसत नाही.

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्याला रोममध्ये आधी काय दिसावं? पाणी. रस्तोरस्ती हजारोंच्या संख्येने नळ-कारंजी, पिण्याचं गार पाणी दिवसरात्र वाहतंय. बाटल्या विकत घेणाऱ्या पर्यटकांची कीव येते. तिथून नेपल्सला वेगवान रेल्वेने तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ. नेपल्स ते पाँपेई मात्र चिरकुमवेसुवियाना नावाची लोकल, गर्दीत थेट आपल्या एसटीची आठवण करून देणारी. पाँपेईत दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश आहे, तिकिटावर नावही असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, पण त्या दिवशी गर्दीची तयारी ठेवा.

खरी पाहुणी मात्र पाँपेईत नाहीच. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तेही ‘गुप्त दालना’त! पाँपेईच्या चावट कलावस्तू पूर्वी कुलूपबंद ठेवत, ते हे दालन. चौदा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांशिवाय आत सोडत नाहीत, म्हणजे बारा वर्षांच्या पोराचे प्रश्न तुमच्याच वाट्याला. जाण्याआधी संग्रहालयाकडे विचारून घ्या, कारण अशा वस्तू प्रदर्शनांसाठी बाहेरगावी जातात. आणि वार बघा. तुळजापूरला मंगळवारी देवीच्या दर्शनाला रांग लागते. नेपल्सचं हे संग्रहालय मंगळवारीच बंद असतं.