विजेत्या घोड्यामागची माणसे

नाशकात रेसकोर्स नाही. तरी ज्यांनी टांग्यांचा काळ पाहिला त्यांना घोडा निराळा समजावून सांगायला नको. जनावराला चंदी दिल्याशिवाय टांगेवाला स्वतः जेवत नसे. कारण घरची चूल त्याच्या टापांवर पेटत असे. शर्यतीच्या घोड्याची गोष्टही मुळात हीच. फक्त तेथे एका घोड्यामागे अनेक हात राबतात आणि नाव दोघातिघांचेच होते.

मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर 1943 साली पहिली इंडियन डर्बी झाली. बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी जिंकली. स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. पुढे पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही आपल्याकडची नावे जॉकी म्हणून गाजली. सत्तरच्या दशकात ‘स्क्वाँडरर’ने 19 शर्यतींपैकी 18 जिंकल्या, तेव्हा ट्रेनर रशीद बैरामजी यांचा बोलबाला झाला.

डर्बी 2400 मीटरची. अडीच मिनिटांत निकाल लागतो. तयारी मात्र महिनोन्‌महिने चालते. पहाटे मोतद्दार तबेला झाडतो, पाणी दाखवतो, खरारा करतो, चारी पायांवरून हात फिरवतो. पाय गरम लागला किंवा चंदी उरली, तर पहिली वर्दी त्याचीच. त्या वर्दीवर ट्रेनर दिवसाची दौड ठरवतो. सरावाची रपेट पुष्कळदा रायडिंग बॉय करतो. नालबंद टाप तासून हलका नाल ठोकतो. यांपैकी एकाची नजर चुकली, तर लाखमोलाचे जनावर लंगडते.

जॉकीचे दुःख निराळे. शर्यतीपूर्वी खोगिरासह त्याचे वजन होते, शर्यतीनंतर पुन्हा होते. वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यत हातची जाते. अंगावर मांस चढले तर घोडाच मिळत नाही. म्हणून पोट मारणे हा त्याच्या धंद्याचाच भाग. शिवाय जिवाची जोखीम आहेच. कार्ल उमरीगर हा उमदा तरुण जॉकी 1979 साली महालक्ष्मीवर पडला आणि त्यातच गेला.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. म्हणून विचारतो, पडणाऱ्याला सावरणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंगलोर टर्फ क्लबच्या खटल्यात ठरवले की रेसक्लबांना कामगार राज्य विमा कायदा लागू होतो. 2016 साली रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या खटल्यात तेच संरक्षण शर्यतीच्या दिवसापुरत्या लावलेल्या हंगामी कामगारांनाही मिळाले. आजारपण आणि कामावरचा अपघात यांत हा विमा आधार देतो. पण मोतद्दार बहुधा ट्रेनरच्या पगारावर असतो, क्लबाच्या नव्हे. त्यामुळे क्लबावरील निकालाने त्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

श्रोतेहो, घोड्याच्या बक्षिसातला ठरावीक हिस्सा ट्रेनरला मिळतो, जॉकीला मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की जो माणूस पहाटे घोड्याच्या पायावरून हात फिरवतो, त्याचा हिस्सा कोणाच्या खुशीवर सोडू नये. तोही बक्षिशी न राहता हक्क म्हणून कागदावर यावा.