विमानाचे वय

विमानाचे वय वर्षांनी मोजू नये, उड्डाणांनी मोजावे. उंचावर हवा विरळ, म्हणून आत दाब ठेवावा लागतो. त्यामुळे दर उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते आणि उतरल्यावर आकसते. तार वारंवार वाकविली की तुटते, पत्र्याचेही तेच.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा कंपनीचे बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूस चालले असता, २४,००० फुटांवर त्याच्या छताचा सुमारे १८ फूट भाग उडून गेला. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी विमान उतरविले म्हणून बाकीचे वाचले. विमान १९ वर्षांचे. पण आखूड फेऱ्यांमुळे उड्डाणे झाली होती ८९,६८०! त्यात खारी हवा. पत्र्यांच्या सांध्यांतील चिकटा सुटला, फटीत ओल शिरून गंज चढला, भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या भोकांपासून तडे निघाले. (चढताना एका प्रवासी बाईंना तडा दिसलाही होता, त्या बोलल्या नाहीत.)

नियम नव्हता असे नाही. सर्व सांधे तपासावेत, असे बोइंगने सुचविले होते; १९८७ साली अमेरिकी विमानखात्याने सक्ती केली ती फक्त वरच्या सांध्यांची. फाटले ते दुसऱ्याच ठिकाणी. चौकशी मंडळाने कंपनीच्या देखभालीबरोबर खात्याच्या या कसरीवरही बोट ठेवले. पुढे १९९१ साली जुन्या विमानांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

असा तडा नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. पत्र्यात विजेचे भोवरे उठवितात. तडा असेल तेथे ते वळसा घेतात, आणि काटा हलतो.